सहावी ते आठवीच्या मुलांसाठी सचित्र विनोदी कादंबरी: सांगली-साताऱ्याकडची, आपल्या पोरांची

कृष्णाकाठची_बाई (सांगली)

नमस्कार मंडळी. मी सहावी ते आठवीला मराठी शिकवते आणि शाळेतलं पुस्तकांचं कपाटही माझ्याकडेच आहे. त्या कपाटाबद्दलच लिहायचंय.

खालच्या कप्प्यात लहानांची पुस्तकं आहेत. मोठी चित्रं, थोडा मजकूर. माधुरी पुरंदरे यांच्यासारखी माणसं स्वतः लिहितात आणि स्वतःच काढतात, त्यामुळे तो कप्पा श्रीमंत आहे. वरच्या कप्प्यात थोरामोठ्यांची चरित्रं, कथासंग्रह, जाडजूड कादंबऱ्या. मधल्या कप्प्यात, म्हणजे अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, जी पुस्तकं खरोखर फाटेपर्यंत फिरतात ती इंग्रजी आहेत. अमेरिकेच्या जेफ किनीची ती डायरीवजा पुस्तकं तुम्ही पाहिली असतील: रेघी वहीसारखं पान, हाताने लिहिल्यासारखं अक्षर आणि दर चार-पाच ओळींमागे एक साधं काळं-पांढरं चित्र. पहिलं पुस्तक २००७ साली आलं. इंग्रजीचा धडा वाचताना अडखळणारी मुलं ते पुस्तक डबा खाताना वाचतात, कारण शब्द अडला तरी चित्र पुढे नेतं. हसू आलं की मूल पान उलटतंच.

मराठीत या वयाला काय देऊ? भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आजही आवडतो, मी दरवर्षी वाचून दाखवते. पण बन्याचं पुणं आणि त्याची सायकल आजच्या मुलांच्या आजोबांच्या काळातली. आणि आपल्या बहुतेक बालकादंबऱ्यांत चित्र येतं ते प्रकरणाला एक, पानभर. मजकुरात लिहिलंय की मुलगा विहिरीत डोकावला, तर चित्रातही मुलगा विहिरीत डोकावतोय. तेवढंच.

मला वाटतं, विनोदाचा अर्धा भार चित्रानेच उचलायला हवा. आणि ती गोष्ट आपल्या भागातली हवी. ऊसतोडीच्या दिवसांत बदलणारे शाळेतले बाकमित्र, गणपतीतली वर्गणी, एसटीची खिडकी, स्नेहसंमेलनातलं ऐतिहासिक नाटक. इथे लिहिणारे, काढणारे, छापणारे बरेच जण आहेत. अशी एक कादंबरी कशी उभी करायची, यावर बोलूया का?

सातारी_पालक (सातारा)

बाई, मनातलं लिहिलंत. माझी मुलगी सातवीत आहे. मे महिन्यात तिला भिलारला नेलं होतं. ४ मे २०१७ ला ते पुस्तकांचं गाव झालं, तेव्हापासून जायचं मनात होतं. घराघरांत पुस्तकं, बाहेर स्ट्रॉबेरीचे वाफे, कुणी हटकत नाही. बालसाहित्य ठेवलेल्या घरात ती रमली, पण थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाली, "ही एकतर बाळांची आहेत नाहीतर आजोबांची." ती टोमणा मारत नव्हती, तिला खरंच काही सापडत नव्हतं.

आमच्या लहानपणी निदान 'किशोर' होतं, आजही आहे. बालभारतीने नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू केलं, आणि त्यातली चित्रं पाहायला आम्ही भावंडं भांडायचो. पण मासिक ते मासिक. एकच पात्र दोनशे पानं सोबत राहतं, ते सुख वेगळं.

निवृत्त_गुरुजी (कराड)

विषय चांगला आहे, पण माझं मत थोडं वेगळं आहे. मुलांची वाचनाची ताकद कमी होत चालली आहे आणि आपण त्यांना दर चार ओळींना चित्राची कुबडी देणार. बारा वर्षांच्या मुलाने शब्दांतून चित्र स्वतःच्या मनात उभं करावं, हेच तर वाचन. व्यंकटेश माडगूळकरांचं एखादं पान घ्या. माळरान, मेंढरं, वारा, सगळं शब्दांत दिसतं. चित्र दिलं की मुलाच्या मनातलं माळरान संपलं, चित्रकाराचं तेवढं उरलं. विनोदाचंही तेच. द. मा. मिरासदारांची गोष्ट वर्गात वाचली तर पोरं बाकावरून पडत असत, तिथे एकही चित्र नव्हतं.

मिरजेची_रेषा (मिरज)

गुरुजी, नमस्कार. मी चित्रकार आहे, पाठ्यपुस्तकं आणि दिवाळी अंकांसाठी काढते. माडगूळकरांचं नाव तुम्ही काढलंत म्हणून सांगते: ते आपल्या आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे, आणि स्वतः उत्तम रेखाटनं करायचे. लिहिणारा हात आणि काढणारा हात एकच असल्याची उदाहरणं आपल्या मातीतच आहेत. किर्लोस्करवाडीहून १९२० पासून मासिक काढणारे शं. वा. किर्लोस्कर संपादक तर होतेच, व्यंगचित्रंही काढत.

मुद्दा कुबडीचा. मजकूर सांगतो तेच चित्राने पुन्हा सांगितलं तर ती कुबडीच, तुमच्याशी शंभर टक्के सहमत. बाई ज्या पुस्तकांबद्दल लिहितायत त्यात चित्र वेगळंच काहीतरी सांगतं, कधीकधी मजकुराला खोटं पाडतं. शब्दांत वर्णन करत बसण्यापेक्षा करून दाखवते. समजा आपला नायक साताऱ्यातल्या एका वाड्यातला सातवीतला मुलगा आहे आणि दिवाळीचा किल्ला झालाय.

पान २३, उजव्या हाताचं. मजकूर असा:

"आमच्या किल्ल्याला हात लावायची कुणाची हिंमत नाही. बुरूज सहा, दरवाजे दोन, पहाऱ्याला अकरा मावळे. शिवाय रात्रभर मी स्वतः जागा राहणार होतो."

खाली चित्र: मुलगा पायरीवर काठी घेऊन बसलाय, डोळे मिटलेले, तोंड उघडं. पानाच्या अगदी कडेला शेपटीचं एक टोक. बाकी काही नाही.

पान उलटा. पान २४:

"पहाटे शत्रूने दगा केला. संख्येने ते बरेच असावेत."

चित्र: बालेकिल्ल्यावर गोल होऊन झोपलेली एक मांजर. मावळे उताणे. पेरलेले हळीव चांगले बोटभर उगवलेले, ते सगळे एका बाजूला चपटे. तोफेचं तोंड मांजरीच्या पोटाखालून डोकावतंय.

आता मजकुरात 'मांजर' हा शब्द कुठेच नाही, हे बघा. नुसता मजकूर वाचला तर ती एका पोराची बढाई आहे. नुसतं चित्र पाहिलं तर एक मांजर आहे. दोन्ही एकत्र वाचणाऱ्या मुलाला कळतं की हा पोरगा झोपला होता आणि आता थापा मारतोय. ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं, त्याने स्वतः ओळखलेलं असतं. हसू तिथून येतं. गुरुजी, मला हे वाचनाचंच काम वाटतं, आणि बऱ्यापैकी अवघड काम.

शेपटीचं टोक आदल्या पानावर का? दुसऱ्यांदा वाचताना सापडावं म्हणून. मग मूल ते पुस्तक घेऊन मित्राकडे पळतं.

कृष्णाकाठची_बाई (सांगली)

आत्ता तासाला हे दोन परिच्छेद फळ्यावर लिहिले, मांजर खडूने काढली. "संख्येने ते बरेच असावेत" वाचून आधी दोन मुली हसल्या, मग सगळा वर्ग. नंतर विचारलं, "हा खरं बोलतोय का? कशावरून?" एरवी "लेखकाला काय म्हणायचे आहे?" विचारल्यावर खाली बघणारी मुलं पुरावे द्यायला लागली. एकाने तर विचारलं, काठी हातातून सुटलीय का ते दाखवा.

निवृत्त_गुरुजी (कराड)

उदाहरण चांगलं आहे, प्रामाणिकपणे सांगतो, मजा आली. तरी आग्रह सोडत नाही. मजकुराची मराठी कसदार हवी. परदेशी पुस्तकांत वाक्यं तुटक असतात, "मग मी गेलो. मग ते आले." तसं आपल्याकडे नको. बारा वर्षांच्या मुलाला लांब, वळणदार वाक्य पेलतं. चित्र आहे म्हणून मजकूर पातळ करू नका. आणि काही पानं बिनचित्रांची ठेवा.

वाचनकट्टा (वाई)

गुरुजींच्या शेवटच्या वाक्याला अनुमोदन. सलग चार पानं चित्र नाही आणि मग एकदम पानभर गोंधळाचं चित्र, असा ताल बसला तर पुस्तक धावतं.

मला एक वेगळीच गोष्ट सांगायची आहे. डेव्ह पिल्की नावाचा अमेरिकन लेखक-चित्रकार आहे. लहानपणी त्याला वाचनाची अडचण होती, एका जागी बसवायचं नाही. शिक्षक वर्गाबाहेर काढायचे, तर तो बाहेर बसून चित्रकथा रचायचा. त्याचं सर्वांत गाजलेलं विनोदी पात्र त्या दुसरीतल्या वयात सुचलेलं, आणि त्यावरचं पहिलं पुस्तक १९९७ साली आलं. वर्गात अशी दोन-तीन मुलं प्रत्येक शिक्षकाला माहीत असतात. पुस्तकाने त्यांना दारातूनच परत पाठवू नये, एवढंच मला वाटतं. त्या मुलांनी एक पुस्तक शेवटपर्यंत वाचलं की पुढच्या पुस्तकाला हात घालायची भीती जाते. शि. द. फडणीसांनी बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत चित्रं काढली तेव्हा गणिताचंही हेच झालं होतं. पुस्तक उघडायची धास्ती कमी झाली.

छपाईवाला (सातारा)

छापखान्यात आयुष्य गेलंय म्हणून छपाईच्या बाजूने चार गोष्टी.

एक रंगच ठेवा. चार रंग म्हणजे चार प्लेटा, किंमत लगेच वर जाते आणि पुस्तक शाळेच्या आवाक्याबाहेर. काळ्या शाईतली स्वच्छ रेघ मॅपलिथोवर, म्हणजे पुस्तकांच्या साध्या पांढऱ्या कागदावर, छान उठते. वॉश, म्हणजे पातळ शाईचा हात, देऊ नका, करड्या छटा आल्या की जाळी पडते आणि स्वस्त कागदावर ते चित्र मळकट दिसतं. फार नाजूक रेघही तुटते. पानं सोळाच्या पटीत धरा, फॉर्म, म्हणजे एकत्र छापून घडी घालायचा मोठा कागद, सोळा पानांचा असतो. १२८ म्हणजे आठ फॉर्म, हिशेब नीट बसतो. मिरजेच्या ताईंनी उजवं पान २३ आणि उलटल्यावर २४ धरलं ते बरोबर आहे, विषम आकडा उजवीकडेच येतो. पण सुरुवातीची नावाची, अर्पणाची पानं मोजून मगच विनोद कुठे पडतो ते ठरवा. एक पान इकडचं तिकडे झालं की शेपटी आणि मांजर समोरासमोर येतील आणि सगळी गंमत गेली.

आता वहीसारख्या पानाबद्दल. इंग्रजी पुस्तकातली रेघी वही जशीच्या तशी उचलू नका. इंग्रजी अक्षर रेघेवर बसतं, आपलं अक्षर रेघेला लटकतं. वहीची छापील रेघ आणि शिरोरेघ जवळजवळ आली की दुहेरी रेघ दिसते आणि डोळा ठेचकाळतो. रेघ ठेवायचीच तर अगदी फिकी, पंधरा-वीस टक्के स्क्रीनची. नाहीतर सरळ कोरं पान.

फुग्यातल्या संवादांचंही तसंच. इंग्रजीत सगळी कॅपिटल अक्षरं, ओळीवर ओळ चिकटवता येते. आपल्याला वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, जोडाक्षरं. ओळींत अंतर जास्त लागतं, म्हणजे त्याच फुग्यात शब्द कमी मावतात. लेखकाने हे आधीच धरून लिहावं. फुग्यात आठ-दहा शब्दांच्या वर गेलात की चित्रकाराला मुलाचं डोकं कापावं लागतं.

मिरजेची_रेषा (मिरज)

छपाईवाले काका, हे लिहून ठेवलं! फुग्यांतली अक्षरं मी हातानेच लिहीन. फाँटमध्ये प्रत्येक 'क' सारखाच असतो, रागावलेला 'क' आणि झोपाळू 'क' वेगळे दिसायला हवेत. आणि आवाज! धप्प, खळ्ळकन, चर्रर्र, हे तर चित्रातच घुसले पाहिजेत.

वाळवा_ते_पुणे (सध्या पुणे)

भाषा कुठली? मला हाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. मी वाळव्याकडचा. शाळेत असताना पुस्तकातली मुलं "अरे, तू कुठे चालला आहेस?" असं बोलायची आणि आम्ही "कुठं चाललायस रं?" असं. पुस्तकात आमच्यासारखं बोलणारं माणूस आलंच तर ते गडी नाहीतर चोर, आणि हसायचं ते त्याच्या बोलण्याला. हे नको.

माझी सूचना: सांगणारा मुलगा स्वतःच्या बोलीतच सांगू दे. "म्या काय घाबारलो न्हाई" इतकं दाट लिहायची गरज नाही, तसं लिहिलं तर सातारा-सांगलीबाहेरचं मूल अडखळेल. पण "आलतो", "गेलतो", "करायलाय", "लका", "व्हय की" हे येऊ दे. लेखकाने कंसात अर्थ देत बसू नये. शहरातलं मूल दोन पानांत सरावतं.

सातारी_पालक (सातारा)

आमच्याकडे "मर्दा" शिवाय वाक्य सुरू होत नाही. तेही धरा. मुलगी विचारतेय, मुलींना पण मर्दा म्हणतात ते येणार का?

कृष्णाकाठची_बाई (सांगली)

तिला सांगा, नक्की येणार. माझ्या वर्गात सर्रास चालतं.

गावभागातली (सांगली)

मी फार लिहीत नाही, पण एका गोष्टीवर बोलावंसं वाटलं. २०१९ च्या महापुरात आमच्या घरात पाणी होतं. आयर्विन पुलाजवळची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. नगर वाचनालयातही पाणी शिरलं, किती जुनी पुस्तकं गेली. आजच्या सातवी-आठवीच्या मुलांना ते पुसटसं आठवतं, तेव्हा ती अगदी लहान होती. पाऊस वाढला की अजूनही घरात सगळे फुटांचे आकडे विचारत बसतात.

विनोदी पुस्तकात पूर यावा का? मला वाटतं यावा, कारण त्या शाळेतल्या निवाऱ्यातही आम्ही हसलो. बोटीत चढताना सासूबाईंनी कागदपत्रांची पिशवी समजून जी घट्ट धरली होती ती लिंबाच्या लोणच्याची बरणी निघाली. पुढचे चार दिवस सगळ्या खोलीने भातासोबत ते लोणचं खाल्लं, आणि शेजारच्या खोलीतली माणसं वाटी घेऊन यायला लागली. सासूबाईंचा रुबाब काय वाढला! हे मुलांना सांगता येईल. पण पाण्याचं, वाहून गेलेल्या गुरांचं चित्र हसवायला काढू नका. हसू माणसांच्या वागण्यातून येऊ दे.

मिरजेची_रेषा (मिरज)

ताई, बरणी डोळ्यासमोर आली. परवानगी असेल तर हे प्रकरण व्हायलाच हवं. बाहेरचं पाणी मी एकदाही दाखवणार नाही. फक्त खोलीचं दार, आणि दारात वाट्या घेऊन उभ्या माणसांची रांग पानागणिक लांब होत जाते.

गावभागातली (सांगली)

परवानगी आहे. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या बरणी मोठी काढा.

विश्रामबागकर (सांगली)

हसायचं कुणाला, हे ठरवून घ्यावं असं मलाही वाटतं. शाळेत मी जाडा होतो. प्रत्येक विनोदी गोष्टीत एक जाडा मुलगा असायचा, तो खायचा आणि पडायचा, आणि मधल्या सुट्टीत ते नाव मला चिकटायचं. तोतरा, चष्मेवाला, काळा, जाडा, ही पात्रं विनोदासाठी वापरायची असतील तर मी या कामात नाही. कुणाच्या जातीवरून, आडनावावरून, आईबापाच्या धंद्यावरून तर नाहीच. नायकाची फजिती त्याच्या बढाईमुळे व्हावी, वरच्या किल्ल्यासारखी. मग वाचणारा जाडा मुलगाही मोकळेपणी हसेल.

आणखी एक. नायकाची बहीण फक्त चहा आणून देणारी नको. सांगणारी मुलगीच असली तर?

वाचनकट्टा (वाई)

दोघंही सांगू देत. भाऊ-बहिणीची एकच वही. तो लिहितो, ती त्याच पानाच्या कडेला चित्रं काढून त्याला खोटं पाडते. म्हणजे चित्र मजकुराशी भांडतं याला गोष्टीतच कारण मिळालं.

मिरजेची_रेषा (मिरज)

अहाहा! हे फार मोठं काम झालं. आता शेपटी कुणी काढली हे सांगायचीही गरज नाही, तीच काढणार. तिची रेघ बारकी, त्याची स्वतःची दोन-चार चित्रं आलीच तर जाड स्केचपेनची आणि अवाढव्य.

एक व्यवहाराची गोष्ट आत्ताच मांडते, नंतर वाईट वाटायला नको. आजवर मला पुस्तकाचं काम आलं ते असं: हस्तलिखित पूर्ण, सोबत 'पान १२, विहिरीचे दृश्य' अशी यादी, एकरकमी मानधन आणि नाव आतल्या पानावर बारीक. या प्रकारच्या पुस्तकात ती पद्धत चालणारच नाही. लेखकाने 'मांजर' हा शब्द गाळायचा असेल तर मांजर कोण काढणार हे पहिल्या दिवशी माहीत हवं. किनीचं उदाहरण घ्या. त्याला वर्तमानपत्रातली चित्रमालिका करायची होती, ती जमली नाही, मग तोच माणूस लिहायला आणि काढायला एकत्र बसला. आपल्या 'चिंटू'चंही बघा, २१ नोव्हेंबर १९९१ पासून चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर ही दोन नावं बरोबरीने घेतली गेली. तेव्हा मुखपृष्ठावर दोन्ही नावं एकाच आकारात, आणि विक्रीतला वाटा दोघांना. हे मान्य असेल तर मी आजपासून बसते.

वाळवा_ते_पुणे (सध्या पुणे)

मान्य. मजकुराचा पहिला खर्डा मी करतो, मी गोष्टी लिहितो थोड्याफार. पण टाईप करून पाठवणार नाही. कोऱ्या कागदाचा सोळा पानांचा डमी बांधतो, त्यात पेन्सिलीने मजकूर आणि चित्रांच्या रिकाम्या चौकटी. पान उलटण्याचा अंदाज त्याशिवाय येत नाही.

छपाईवाला (सातारा)

डमीसाठी कापीव कागद माझ्याकडून घ्या. डेमीचा आकार धरतो. पोवई नाक्यावर ठेवून देतो, येता-जाता कुणीही उचला.

निवृत्त_गुरुजी (कराड)

शुद्धलेखन मी तपासून देईन. बोलीतल्या संवादांना हात लावणार नाही, निवेदनाला लावीन.

कृष्णाकाठची_बाई (सांगली)

गुरुजी, तुम्हीच पाहिजे होता. डमी तयार झाला की आधी मुलांच्या हातात देऊ. प्रत्येकाला पेन्सिल देते. हसू आलं तिथे टिंब काढायचं, कंटाळा आला तिथे आडवी रेघ, आणि चित्र कळलं नाही तर प्रश्नचिन्ह. त्यांना सांगणार नाही कुणी लिहिलंय, नाहीतर बाईंना बरं वाटावं म्हणून सगळीकडे टिंबं देतील. शनिवारी सकाळची शाळा असते. साडेअकराला या, सातवी 'ब' थांबवून ठेवते. पोह्यांचं मी बघते, भडंग कुणीतरी आणा.